सगळं सुंदर ते डावीकडे

गुरुवार, १७ ऑक्टोबर

चि. बेबी हिला दादाचा आशीर्वाद. एरवी मी 'अनेक' लिहितो. आज एकच घे.

इकडे सगळं ठीक. पानगळ सुरू झाली आहे. वर्कशॉपच्या दारात रोज सकाळी पानांचा ढीग असतो आणि झाडायला मीच. शाळेच्या जिन्याचं काम संपलं. एकोणीस पायऱ्या, एकही कुरकुरत नाही. मुख्याध्यापक बाई स्वतः दोनदा वर-खाली करून गेल्या. तुझी पाठ कशी आहे? तुझ्या नवऱ्याचा खोकला थांबला का?

रविवारी होडी बाहेर काढली होती. हंगामातली शेवटचीच म्हण ना, आता डोलकाठी उतरवून तिला शेडमध्ये ठेवायची. आम्ही नेहमीचेच चौघं: मी, मास्तर, बेकरीवाली आणि टिल्लू, जो अजूनही प्रत्येक दारातून वाकून जातो. ऊन कोवळं होतं, वारा बेताचा. मास्तरांनी उकडलेली अंडी आणली होती, बेकरीवालीनं ताजा पाव. सुकाणूवर मी. बावीस वर्षं मीच असतो. मजा आली. कुणाला काही झालं नाही.

एवढं लिहून पत्र संपवणार होतो. पण तू मला ओळखतेस, आणि आता मीही तुला ओळखलं.

आमच्या होडीचा नियम तुला माहीत आहे. सुकाणूवर बसलेल्याला कुणी काही सांगायचं नाही. त्यानं विचारलं तरच तोंड उघडायचं. मास्तरांनी एकदा न विचारता अक्कल शिकवली, तर मी त्यांना महिनाभर शिडाचे दोर ओढायला बसवलं होतं. तेव्हापासून सगळे गपगुमान असतात.

तर रविवारी धक्का सोडल्यापासून या तिघांना फारच निसर्गप्रेम सुटलं. बेकरीवाली म्हणाली, "अगबाई, तो लाल बोया किती छान दिसतोय पाण्यावर." टिल्लू म्हणाला, "त्या खडकावरचे पक्षी बघ. तसे जवळच आहेत हं." मास्तरांना उभ्या जन्मात फळ्यापलीकडचं काही सुंदर दिसलेलं नाही, तेसुद्धा जुन्या धक्क्याच्या खांबांचं कौतुक करायला लागले. मी आधी हसलो. म्हटलं, म्हातारपणी सगळ्यांना कविता व्हायला लागल्या. मग हळूहळू लक्षात आलं, की त्या दिवशी जगात जे काही सुंदर होतं ते सगळं डावीकडेच होतं.

बेबी, माझा डावा डोळा गेला हे तीन माणसांना ठाऊक होतं. डॉक्टर, मी आणि तू. उन्हाळ्यात तपासणीला तूच बरोबर होतीस. दवाखान्याच्या जिन्यात माझा हात धरून म्हणालीस, "दादा, मेले तरी कुणाला सांगणार नाही." लहानपणापासून तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असूनही मी विश्वास ठेवला. आपलीच बहीण, म्हटलं.

तरी मी मनाची समजूत घालत होतो, की योगायोग असेल. म्हटलं, एकदाच खात्री करून घेऊ. म्हणून मुद्दाम मान पूर्ण उजवीकडे वळवून बसलो. बघू तरी कोण काय बोलतं ते. साठीला आलेल्या माणसाला शोभतं का हे? नाही शोभत. आणि नेमके त्याच वेळी तिघंही गप्प होते, कारण तिघंही अंडी सोलत होते.

वर लिहिलंय की कुणाला काही झालं नाही. ते खरं आहे, पण जेमतेम खरं आहे. तेव्हाच डावीकडून एक छोटी वल्ह्यांची होडी येत होती. नवरा-बायको, साधारण आपल्याच वयाचे. बाई होडीच्या काठावर हात टाकून निवांत बसली होती. मला ती होडी दिसलीच नाही. मास्तर ओरडले, "डावीकडे! अरे, तुझ्या त्या डोळ्याकडे!" मी सुकाणू जिवाच्या आकांतानं ढकललं. होडीला होडी घासली. बाईनं हात ओढून घेतला आणि दुसऱ्या क्षणी तिचा हात होता तिथलं लाकूड सोलवटून निघालं. तिच्या नवऱ्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला.

मग मी विचारलं, "कोणता डोळा, मास्तर?"

मास्तर हातातल्या अंड्याकडे बघत बसले. टिल्लू, एवढा धिप्पाड माणूस, शिडाआड लपायला जागा शोधत होता. शेवटी बेकरीवालीच बोलली. "बेबीचा फोन आला होता. पाच आठवडे झाले. फार रडत होती हो. म्हणाली, त्याला कळू देऊ नका, फक्त सांभाळून घ्या."

पाच आठवडे म्हणजे पाच रविवार. आधीच्या चारही वेळी ते असंच सांभाळून घेत असणार, माझ्याच लक्षात आलं नाही. पाच रविवार मला वाटत होतं की होडी मी चालवतोय. घरी येऊन तुला फोनवर सांगायचो, आज वारा कसा पकडला, वळण कसं घेतलं. तू म्हणायचीस, "वा दादा." तेव्हा तुला काय वाटत होतं गं?

"सुकाणू सोड, नाहीतर मी त्यांना सांगते," असं माझ्या तोंडावर म्हणाली असतीस, तर मी भांडलो असतो. पंधरा दिवस अबोला धरला असता आणि सोडलंही असतं बहुतेक. तू केसानं गळा कापलास आणि वर रडलीस. तुझं बरोबर होतं, हे मला कळतं. तो बाईचा हात मला रोज दिसतो. पण तुझं बरोबर होतं म्हणून माझा राग कमी होत नाही. उलट जास्तच येतो.

मी उठलो, सुकाणू टिल्लूच्या हातात दिलं आणि पुढे जाऊन बसलो. धक्क्यावर उतरताना बेकरीवालीनं हात पुढे केला. मी घेतला नाही. मग पायरी चुकली आणि घ्यावा लागला.

आता शेवटचं. पुढच्या सोमवारी तू माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येणार होतीस. येऊ नकोस. मी तारीख बदलून घेतली आणि परवाच एकटा जाऊन आलो. या वेळी त्यांनी उजवा डोळा फार वेळ तपासला. मग दिवा लावला, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि बोलले. काय बोलले ते मी तुला सांगणार नाही. त्या तिघांना फोन करून विचारू नकोस, त्यांनाही माहीत नाही. माझ्याकडे आलीस तर चहा मिळेल, उत्तर मिळणार नाही.

पाठीला जप. माझी काळजी घ्यायचं काम आता तुझ्याकडे नाही.

तुझा,
थोरला भाऊ