श्रीकाराखालचं टिंब

५ जाने., सोमवार
पुष्पा आज स्वयंपाकाला आली ती रडतच. सकाळी वसुलीवाले दोघं दारात उभे. सगळ्या बस्तीसमोर म्हणाले, हप्ते भर, नाहीतर सामान उचलू. "दीदी, हमने लोन लिया ही नहीं!" म्हटलं, नीट आठव. तर माझ्यावरच डाफरली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे साठवलेत, तेच द्यावे लागतील ही धास्ती. पोळ्या करपल्या. यांनी तशाच खाल्ल्या.
फायनान्सच्या ऑफिसातून अर्जाची नक्कल आण म्हणून सांगितलंय. इथे आपल्या शाहपुऱ्यातच आहे ते.

७ जाने.
नक्कल आणली. हिंदीत भरलेला अर्ज, पुष्पाचा फोटो, आधार. सही तिची नाही, ती एक एक अक्षर कोरते. ही झरझर केलेली.
वर डाव्या कोपऱ्यात अगदी बारीक श्रीकार. दोन्हीकडे दोन-दोन उभ्या रेघा. खाली एक टिंब.
"किसने भरा है, कुछ समझ में आया दीदी?"
म्हटलं, चष्मा नाहीये गं. चष्मा नाकावरच होता.

८ जाने.
झोप नाही. ते टिंब.
आई गेली तेव्हा विनू पाच वर्षांचा, मी सोळाची. बाबा ऑफिसात, धाकट्या भावाला पाटीवर गिरवायला मीच बसवायची. आधी श्रीकार, मग बाकीचं. काढून झाला की मी पेन्सिल टक्कन टेकवायची, "हं, आता लिही." टिंब उमटायचं. गाढवाने तेही गिरवलं! पन्नाशीला आला तरी किराण्याच्या यादीवरसुद्धा श्रीकार आणि खाली टिंब. जगात दुसरं कुणी असं काढत नाही.
मेल्या, निदान खोट्या अर्जावर तरी हात आवरायचा होतास.
आणि आधार त्याला मिळालं कुठून? माझ्याच घरातून. उन्हाळ्यात जेवायला आला होता, कसलं तरी कार्ड काढून देतो म्हणाला. पुष्पा कां कूं करत होती. मीच म्हटलं, "दे दो, मेरा भाई है."

९ जाने., शुक्र.
साकेत नगरला गेले. हॉस्पिटलसमोर विनूचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथेच फॉर्म भरून देतो, कर्जांची कामं करतो. नक्कल समोर ठेवली. आधी, "मी नाही." मग, "माझ्याकडे शंभर लोक येतात." मग मी कोपऱ्यावर बोट ठेवलं.
त्याने नक्कल पालथी घातली. "दुकानाचं भाडं थकलं होतं ताई. दोन महिने दे. भरून टाकतो. तिला काही होणार नव्हतं गं."
होणार नव्हतं!
विचारलं, आणखी कुणाच्या नावावर? स्टेपलर उघडत बसला, मिटत बसला. उत्तर मिळालं मला.
चहा मागवला. माझा बिनसाखरेचा, न सांगता. तिथेच रडू आलं. मला वाटलं होतं खूप बोलेन.

११ जाने., रवि.
यांना सांगितलं. पेपर घडी करून ठेवला. "तुझा भाऊ. मी काय बोलू?"
माझ्या मनात आलं, बांगड्या मोडाव्यात, पुष्पाचं कर्ज गुपचूप फेडावं, विषय संपला. हे म्हणाले, "आणि बाकीच्यांचं?" बस, एवढंच.
दुपारी कपाट आवरताना भाऊबीजेची साडी हाती लागली. यंदा चांगली भारी घेतली होती त्याने. मैत्रिणींना किती मिरवून दाखवली मी. पुन्हा नेसवणार नाही मला.

१४ जाने., संक्रांत
विनू तिळगूळ घेऊन आला. येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या पाया पडला, यांच्या पडला. पुष्पा स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिलाही दिला. तिने कपाळाला लावून खाल्ला. आणि म्हणते, "भैया, आप तो फारम भरते हो, जरा हमारा कागज देख दो ना."
मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि दारातच थांबले.
विनूने चष्मा लावला. कागद हातात घेतला. वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हात जरासुद्धा कापला नाही. "किसी ने धोखा किया है आपके साथ," म्हणाला. "बुरा हुआ."
आईविना वाढवला, कुठे कमी पडले मी? त्याच्या तापात रात्ररात्र बसलेय, त्याच्यासाठी माझं लग्न चार वर्षं थांबलं. बोलून दाखवलं नाही कधी. आज लिहिते आहे.
तो गेल्यावर पुष्पा म्हणाली, भैया भले आदमी हैं.

१७ जाने., शनि.
पुष्पा पोलीस ठाण्यात जाऊन आली. अर्ज लिहून आण म्हणाले, आणि फॉर्म भरला कुणी ते सांग. फायनान्सवाले म्हणतात, एजंट सोडून गेला, आम्हाला माहीत नाही. म्हणजे माहीत मला आणि यांना, सांगायचं मीच. "दीदी, अरजी आप ही लिख दो, आपकी लिखाई अच्छी है." मंगळवारी फीची शेवटची तारीख.
वि.चा फोन तीनदा. उचलला नाही. चौथ्यांदा उचलला. "ताई, तू असं करणार नाहीस ना?" लहानपणी मार चुकवायला लावायचा तोच आवाज. तोही ठेवेना, मीही ठेवेना.

१९ जाने., सोम.
सकाळी आंघोळ करून लिहायला बसले. बत्तीस वर्षं ऑफिसात टिपणं लिहिली, अर्जाचं काय एवढं. श्रीमान थाना प्रभारी महोदय. पुष्पाचं नाव, पत्ता, वसुलीवाले, खोटी सही, सगळं उतरवलं. शेवटी, 'फॉर्म की लिखावट जिनकी है, उनका नाम'. पुढे जागा सोडली.
वाचून पाहायला कागद उचलला तेव्हा दिसलं. वर डाव्या कोपऱ्यात श्रीकार. कधी काढला कळलंच नाही. दोन्हीकडे दोन-दोन रेघा. आणि खाली पेन टेकवल्याचं टिंब.
पुष्पाची नक्कल शेजारी ठेवून पाहिली. एकच हात वाटतो.
फाडला. दुसरा कागद घेतला, कोपऱ्यावर डावा हात दाबून धरला आणि पहिल्यापासून लिहिलं. नावाची जागा आहे तशीच आहे.
फाटक वाजलं. पुष्पा आली, इस्त्रीची साडी नेसून. ठाण्यात जायचं ना.