कात्री लावायची नाही

१६ मे, गुरुवार

प्रयोंगबाई आल्या, खुर्चीत बसल्या, चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "कात्री लावायची नाही, दुआन. आहे तेच जरा नवं करून दे."

अठरा वर्षं झाली. दर गुरुवारी सकाळी नऊला हेच वाक्य. त्यांच्याबरोबर ओठ हलवून मीही म्हणू शकते आता — आरशात दिसेल म्हणून म्हणत नाही, एवढंच.

केस उरलेत किती! टाळू दिसते. समोरचा फुगा उभा करायचा म्हणजे आतून एकेक बट उलटी विंचरायची, रोलर लावायचे, वाळवायचे, मग फवारा. मनगट ठणकायला लागतं. मानेवरची टोकं पार विरळ झालीत. दोन बोटं कापली की वरचे केस दाट दिसतील, कुठलीही शिकाऊ मुलगी सांगेल. मी सांगितलंच.

"बाई, दोनच बोटं. कळणारसुद्धा नाही."

"नको म्हटलं ना!"

वर्गातला आवाज. अठ्ठ्याहत्तरी गाठली तरी तो आवाज शाबूत आहे. आणि मी चौपन्न वर्षांची बाई — माझा हात आपोआप मागे आला.

निघताना, पायऱ्यांवर चपला घालता घालता म्हणाल्या, जूनअखेरीला मुलगा न्यायला येतोय. उदोनला. कायमचं. घराचा व्यवहारही झालाय.

म्हणजे सहा गुरुवार उरले. मला काय, मनगटाला आराम!

असं लिहिलं खरं.

१७ मे, शुक्रवार

तीन डोकी. मनगटाला बाम. उकाडा. बाकी काही नाही.

२२ मे, बुधवार

दुकान बंद. बुधवारी आमच्या फेचबुरीत अपशकुनाच्या भीतीनं कुणी केसांना कात्री लावून घेत नाही, आणि लावायला कुणी बसतही नाही. टॉवेल धुतले, रोलर धुतले, कंगवे घासले. कामं संपली की बसून राहावं लागतं आणि बसलं की ते आठवतं. आज लिहूनच टाकते. चाळीस वर्षं डोक्यात ठेवून काय मिळालं?

तोही बुधवारच. मी चौदा वर्षांची. दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुवंदना, म्हणून सकाळी केसांची तपासणी. मुलींचे केस कानाच्या पाळीपर्यंत — नियम! माझे त्याखाली दोन बोटं होते. दोनच. आई पहाटेपासून ताडगुळाच्या चुलीपाशी, माझे केस बघायला कुणाला वेळ? झेंड्यासमोर सगळी शाळा उभी. प्रयोंगबाई रांगेतून कात्री घेऊन आल्या, माझ्यासमोर थांबल्या, आणि उजवीकडून कच्चकन — कानाच्याही वर! डावी बाजू तशीच सोडली. तशीच सोडायचे तेव्हा. उरलेलं घरी जाऊन नीट करून यायचं.

नीट कुठे करणार? बुधवार! गावातल्या सगळ्या न्हाव्यांची दारं बंद. आईची शिवणाची कात्री घेऊन आरशासमोर बसले. उजवीकडच्याइतकं डावीकडे कापलं, ते जास्त झालं, मग परत उजवीकडे. शेवटी कुणीतरी डोकं कुरतडल्यासारखं दिसायला लागलं.

गुरुवंदनेचं तबक आमच्या वर्गातर्फे मी नेणार होते. दुर्वा, वांग्याची फुलं, लाह्या, सगळं मीच लावलं होतं. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. "हे असं डोकं घेऊन पुढे नको." तबक जाम्पाला दिलं. मी मागच्या रांगेत गुडघ्यांवर बसून राहिले.

तेवढंच. कुणी मेलं नाही. त्या दिवसापासून हातात कात्री आली ती आलीच, पोट त्याच कात्रीनं भरलं. बाई निवृत्त झाल्यावर एक दिवस दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा वाटलं, आता बोलतील. अठरा वर्षं वाट बघतेय. मोठं काही नको. 'चुकलं' एवढा एक शब्द. त्या जाण्याआधी.

२३ मे, गुरुवार

आज भांग बदलून बघितला. डावीकडचा उजवीकडे नेला — टाळू झाकली जाते, केस आपोआप थोडे उभे राहतात. कपाळावर दोन बटा वळवून सोडल्या. पांढऱ्यावर चहाच्या रंगाचा हलका हात. कात्री नाही!

बाई आरशात बराच वेळ बघत होत्या. "मीच आहे ना?"

"तुम्हीच बाई. जरा नव्या."

हसल्या. मग सांगितलं, तेरा जूनला शाळेत गुरुवंदना आहे, जुन्या शिक्षकांमध्ये त्यांनाही बोलावलंय. शेवटचीच. "त्या दिवशी चांगलं दिसायचंय मला, दुआन. मुलं फोटो काढतात हल्ली."

चांगलं दिसायचंय! मलाही दिसायचं होतं.

२४ मे, शुक्रवार

समोर केळ्याची भजी तळणारी जाम्पा — तबक नेलं ती हीच — दुपारी गिऱ्हाईक नसताना येऊन बसली.

"काल बाईंचे केस पाहिले. दहा वर्षांनी लहान केलीस की म्हातारीला!"

"काम आहे माझं."

"मी असते ना तुझ्या जागी, तर एका बाजूनं कापून म्हटलं असतं, बाई, उरलेलं घरी जाऊन नीट करून या."

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. मग ती म्हणाली, "अगं, विचार की सरळ. तोंड शिवलंय का तुझं?"

"त्यांना आठवत तरी असेल का?"

"मग आठवण कर! त्या उदोनला गेल्यावर कुणाला विचारणार, रिकाम्या खुर्चीला?"

भजी ठेवून गेली. तेलकट होती. सगळी खाल्ली.

३० मे, गुरुवार

विचारणार होते. रोलर लावून झाले, बाईंच्या हातात मासिक दिलं, स्टूल ओढून जवळ बसले. तोंड उघडणार तोच त्याच म्हणाल्या —

"दुआन, तू माझ्याच वर्गात होतीस ना गं?"

"होते बाई."

"हं."

मासिकाचं पान उलटलं. एका अभिनेत्रीच्या लग्नाचे फोटो बघत बसल्या.

'होतीस ना गं'! म्हणजे तेवढंही धड आठवत नाही. अठरा वर्षं मी एका विसरून गेलेल्या बाईकडून काहीतरी मागत होते. तिला ठाऊकसुद्धा नाही की तिच्याकडे माझं काही राहिलंय.

फार दमले आहे. हातांनी नाही, आतून.

२ जून, रविवार

एका नवरीचा अंबाडा. पाच तास उभी. नवरीची आई सारखी — "अजून थोडा उंच". शेवटी नवरीच म्हणाली, "आई, मला मोटारीच्या दारातून आत जायचंय!"

६ जून, गुरुवार

आज काय केलं मी! लिहायलाही लाज वाटतेय.

पुढच्या गुरुवारी समारंभ, म्हणून आज सगळी तयारी करून बघायची होती. समोर सहा लाल रोलर लावले. मागे मानेवर ती विरळ टोकं. आज ती बघवेनात. मनात आलं, हिला कसली एवढी कात्रीची भीती? लोकांच्या पोरींना लावताना नव्हती! विचारलं नाही, सांगितलं नाही. कात्री घेतली आणि उजव्या कानामागची एक बट कापली. दोन बोटं.

कच्च आवाज झाला. बाईंनी उजवा कान हातानं झाकला. झटकन उभ्या राहिल्या, एवढ्या झटकन की खुर्ची फिरली. चेहरा पांढराफटक. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या नाहीत. खांद्यावरचा टॉवेल काढून घडी घालून ठेवला, पर्स घेतली आणि डोक्यावर सहा रोलर तसेच ठेवून भर बाजारातून चालत घरी गेल्या.

मी दारात उभी, हातात ती बट. हाक मारली का? नाही मारली.

७ जून, शुक्रवार

दुकान उघडलं नाही. जाम्पाला सांगितलं, ताप आहे.

९ जून, रविवार

जाम्पाला खरं सांगितलं. वाटलं होतं टाळ्या पिटेल. कढईतली भजी करपायला लागली तरी लक्ष नाही.

"एक बाजू कापलीस आणि दुसरी तशीच?"

"हो."

"अरे देवा, दुआन!"

१३ जून, गुरुवार

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. खुर्ची रिकामी. मनात कुठेतरी होतं, आज तरी येतील, समारंभ आहे. नाही आल्या.

जाम्पाची नात त्याच शाळेत, म्हणून ती गेली होती. दुपारी आली तेव्हा माझ्याकडे न बघता टॉवेल सारखे करत बसली.

"होत्या का गं?"

"होत्या. पहिल्या रांगेत."

"आणि केस?"

"रुमाल बांधला होता डोक्याला. फुलाफुलांचा. हनुवटीखाली गाठ." थोड्या वेळानं म्हणाली, "फोटोच्या वेळी बाजूला जाऊन बसल्या. पोरी ओढत होत्या, तरी नाही आल्या."

म्हणजे झालं. हे असं डोकं घेऊन पुढे नको — हेच मी त्यांच्या बाबतीत केलं. तेच, सगळ्या शाळेसमोर, त्यांच्या शेवटच्या गुरुवंदनेला. चाळीस वर्षं मी त्या बाईचा राग केला, आणि संधी मिळताच त्यांच्यापेक्षा वेगळं काही मला सुचलं नाही. त्यांनी निदान समोर उभं राहून कापले होते. मी मागून.

१४ जून, शुक्रवार

मनगट, मनगट. आज त्याचंसुद्धा बरं वाटलं. काहीतरी दुखायला हवंच होतं.

१७ जून, सोमवार

त्यांच्या घरापर्यंत गेले. सोबत फणसाच्या गऱ्यांचा डबा. फाटकातून अंगण दिसत होतं — खोकी बांधून ठेवलेली, कुंड्यांवर शेजाऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. आत पंखा चालू होता. घंटेवर बोट ठेवलं. काय म्हणणार? मी मागतेय तोच शब्द आता मलाच म्हणायचाय, आणि तो किती जड आहे ते आज कळलं. डबा फाटकाला अडकवला आणि परत आले.

१९ जून, बुधवार

दुकान बंद. सकाळी दार वाजलं. पायरीवर प्रयोंगबाई. रुमाल नाही. केस नुकते धुतलेले, ओले, खांद्यावर पाणी. हातात माझा गऱ्यांचा डबा, धुऊन आणलेला. आत सहा लाल रोलर.

"बाई, माझं चुकलं," मी म्हटलं. पहिल्यांदा मीच म्हटलं.

त्यांनी हातानं थांबवलं. येऊन खुर्चीत बसल्या.

"बाई, आज बुधवार आहे."

"माहीत आहे. त्या दिवशीही होता." आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या. चष्मा काढला नव्हता. "तुझे केस कापले, आणि संध्याकाळी सायकल घेऊन गावभर हिंडले. एखादा न्हावी दार उघडेल, तर तुला घेऊन जाईन. दारं ठोठावली, पोरी. बुधवार म्हणून कुणी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं डोकं बघितलं आणि मला तुझ्याकडे बघवेना, म्हणून तबक काढून घेतलं."

मी टॉवेल घेऊन त्यांच्या ओल्या खांद्यांवर टाकला.

"कात्री नको म्हणायचे ते केसांसाठी नव्हे गं. वाटायचं, तू माझ्यामागे कात्री घेऊन उभी राहिलीस की तुला ते आठवेल, आणि मग मला बोलावं लागेल. मागे वर्गाचा विषय काढला, तोही पुढे नेववला नाही. चुकलं माझं, दुआन."

खणातून कात्री काढली.

"किती कापू, बाई?"

"कानाच्या पाळीपर्यंत. दोन्ही बाजूंनी सारखे."