मागच्या दाराचा पडदा मूळचा नाही

दिनांक : १९ नोव्हेंबर

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
जुनी लष्करी वाहने विभाग

विषय : बिनतारी संदेश ट्रकच्या मागच्या दाराचा पडदा 'मूळचा' अशी झालेली नोंद रद्द करून तो माझ्या पत्नीने शिवल्याची नोंद करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले 'अ' वर्गाचे प्रमाणपत्र. २) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. ३) आपले उत्तर, दि. ४ नोव्हेंबर.

महोदय,

मी निवृत्त फिटर आहे. वरील ट्रक भंगारातून घेऊन मी अकरा वर्षे दुरुस्त केला. रेडिओ संच, ऑपरेटरचे टेबल, एरियलची बैठक, सगळे भाग नंबर जुळवून मिळवले. आपल्या तपासनीसांनी ट्रकखाली झोपून दोन तास तपासणी केली. त्यांनी माझ्या तीन चुका काढल्या. तिन्ही बरोबर होत्या व ते भाग मी बदलले. चौथी चूक मात्र त्यांची झाली आहे.

१. ऑपरेटरच्या दिव्याचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून मागच्या दाराला आतून जाड पडदा असतो. मूळ पडदा हातात घेताच त्याचा भुगा झाला. उरलेल्या तुकड्यावरून माझ्या पत्नीने मापे घेतली, इंचाला किती टाके ते भिंगातून मोजले आणि जुन्या लष्करी तंबूच्या कापडाचा नवा पडदा शिवला. तपासनीसांना आत दिसलेला लष्कराचा शिक्का त्या तंबूचा आहे. मूळ शिवणारा एका जागी तिरका गेला होता. पत्नी म्हणाली, "अहो, याला घरी जायची घाई झालेली दिसतेय. मी सरळ घेऊ का?" मी म्हणालो, होता तसाच हवा. तिने तिरका घेतला. तपासनीसांनी त्या तिरक्या शिवणीवरूनच पडदा मूळचा ठरवला. पितळी कड्या मात्र खरोखर मूळच्या आहेत. त्यांची नोंद बदलू नये.

२. पत्नी सात महिन्यांपूर्वी वारली. प्रमाणपत्र त्यानंतर आले. ते वाचून मी आधी हसलो, कारण हे तिला कळले असते तर तिने मला महिनाभर ऐकवले असते. मग हा ट्रक घेणार असलेल्या संग्रहालयाकडून माहितीफलकाचा मसुदा आला. त्यात "पडदा : लष्करी कारखान्यात तयार. शिवणाऱ्याचे नाव उपलब्ध नाही" असे आहे. नाव उपलब्ध आहे.

३. आपल्या कार्यालयातील कारकून मला म्हणाले, "काका, लोक इथे बनावट माल मूळचा म्हणून खपवायला येतात. तुम्ही उलटं कशाला भांडताय? फायदा झालाय, गप्प बसा ना." ते चांगल्या मनाने बोलले. पण बनावट हा शब्द मला लागला.

४. आपल्या उत्तरात पडदा शिवणाऱ्या व्यक्तीचे सहीचे निवेदन आणि शिवताना पाहिलेले दोन साक्षीदार मागितले आहेत. निवेदनाचा नमुना कोराच परत पाठवत आहे. साक्षीदार मी एकटा आहे. दुपारी ती ट्रकमध्ये बसून शिवत असे व मी शेजारी संच उघडून बसत असे. तिसरे कोणी येत नसे आणि यावे असे आम्हाला कधी वाटलेही नाही. हल्ली दुपारी मी तिथेच बसतो. संच लावला की खरखर येते, तेवढीच सोबत.

५. पुरावा एकच आहे. शेवटी जाड दोरा संपला. खालच्या कडेचे शेवटचे वीतभर तिने आतून स्वतःच्या डब्यातल्या निळ्या दोऱ्याने शिवले आणि वरून कड दुमडून झाकली. तपासनीस म्हणतात, कड उसवून दाखवा. मी तीन दिवस पाते घेऊन बसलो. मला ते जमले नाही. ट्रकमधला एकूण एक स्क्रू मी काढून परत बसवला आहे. शिवण मला येत नाही.

६. नोंद बदलल्यास ट्रक 'ब' वर्गात जाईल व संग्रहालय तो घेणार नाही, याची मला कल्पना आहे. तो माझ्याच शेडमध्ये राहील. माझ्यामागे त्याचे काय होईल ते सांगता येत नाही. तरीही नोंद बदलावी.

कड उसवल्याशिवाय नोंद बदलता येत नसेल तर आपला माणूस पाठवावा व त्याने ती उसवावी. मी तेवढा वेळ बाहेर थांबेन. आधी कळवण्याची गरज नाही, मी घरीच असतो. उसवलेली कड कोणाकडूनही परत शिवून घेऊ नये. निघालेला निळा दोरा पुरावा म्हणून फाइलला न लावता माझ्याकडे द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)
ट्रकचा मालक

सोबत :
१) प्रमाणपत्राची प्रत
२) निवेदनाचा नमुना, कोरा
३) पत्नीच्या मृत्यूचा दाखला. नोंदीसाठी तिचे नाव यावरून उतरवून घ्यावे.