लिलाव पुकारणाऱ्याचा घास

मॅडम, तुम्ही मला समुपदेशन शिकवलंत, म्हणजे ऐकायला शिकवलंत. तुलसी नगरच्या तुमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ओट्याशी उभ्या राहून, वरणाला फोडणी देता देता तुम्ही मला झापलं होतं. घाबरणाऱ्या एका मुलीला मी श्वासाचा व्यायाम सांगितला होता. “तू उपाय दिलास की तिचं बोलणं थांबतं. एक पद्धत धर, दहा पद्धतींचा काला करू नकोस.” मग तुम्ही वरणभात वाढलात आणि मी मान खाली घालून जेवले.

आता जवाहर चौकाजवळ माझी स्वतःची खोली आहे. गेल्या हिवाळ्यात तिथे एक गृहस्थ बायकोबरोबर आले. करोंदच्या मंडीत ते धान्याचा लिलाव पुकारतात. एका लग्नात जेवताना घास अडकला, जीव घाबरा झाला, तेव्हापासून घट्ट काही गिळता येईना. डॉक्टरांनी तपासलं, गळ्यात दोष नव्हता. “मॅडमजी, आवाज तो निकलती है, निवाला नहीं उतरता,” ते म्हणाले. बायको पोळीसुद्धा दुधात भिजवून मिक्सरमधून काढून द्यायची. शर्ट अंगावर लोंबत होता.

मी तुमच्या पद्धतीने कित्येक आठवडे ऐकत राहिले. हळूहळू त्यांचे वडील बोलण्यात आले. शेवटच्या आजारात हेच त्यांना भरवायचे. एकदा ठसका लागला आणि दोन दिवसांत वडील गेले. हे सांगताना ते खूप रडले, मोकळे झाले, आणि घरी जाऊन पुन्हा पातळ डाळच प्यायले. वजन उतरतच होतं. तेव्हा मी ठरवलं, नुसतं ऐकून चालणार नाही.

बायकोला आत बोलावून म्हटलं, मिक्सर बंद करा. ती चिडली. “और कुछ हो गया तो?” तिचीही भीती रोज त्यांच्या ताटात पडत होती, हे आम्ही तिघांनी बसून उलगडलं. मग डॉक्टरांना विचारून पायऱ्या ठरवल्या: आधी मऊ भात, मग पोहे, मग पोळी. वडिलांचा विषय मात्र मी सोडला नाही. पोह्यांची बशी हातात धरून ते वडिलांचा हात कसा थरथरायचा ते सांगत होते. उपाय दिला म्हणून बोलणं थांबलं नाही, मॅडम. वाढलं.

सहकाऱ्यांच्या बैठकीत हे सगळं मांडलं, तेव्हा एकजण हसून म्हणाले, “ही तर खिचडी झाली.” मी म्हटलं, खिचडी म्हणा, पण त्यात काय, कधी आणि का घातलं ते मला सांगता येतं. मी असंच काम करणार, आणि नव्या मुलींनाही असंच शिकवणार. पोळीची पायरी तेव्हा अजून बाकी होती, तरी म्हटलं.

मार्चमध्ये त्यांनी माझ्यासमोर पोळीचा तुकडा मोडला. सोबत म्हणून मीही एक घेतला. ते डोळे मिटून चावताहेत, बायकोने पदर मुठीत धरलाय. शाब्बास म्हणावंसं वाटतं, पण मी तुमच्यासारखी गप्प बसते. घास उतरला. त्यांनी डोळे उघडले आणि दुसरा तुकडा मोडला.

हे पत्र मी तुम्हाला पाठवणार नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. त्यांचा घास उतरेपर्यंत माझा माझ्या तोंडातच होता. मला तो गिळवत नव्हता.