बोली सुधारली आणि आम्ही बुडालो

विहीणबाईंना खुर्चीत बसल्या बसल्या, पण मनातून वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची चौकशी या वेळी पहिल्याच ओळीत करते. मागच्या पत्रात ती शेवटच्या पानावर गेली आणि ते तुम्हाला लागलं, असं सूनबाई (म्हणजे तुमचीच लेक) बोलता बोलता बोलून गेली. तर कसा आहे गुडघा? जिना चढता येतो का? माझी तब्येत ठणठणीत आहे. यांची ‘ठीक’ आहे, असं ते स्वतः म्हणतात. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षर लावून लावून वाचा, पण वाचाच, कारण आमच्याकडे फार मोठी गंमत झाली आहे.

गंमत पत्त्यांची आहे. तुम्हाला पत्त्यांचा तिटकारा आहे आणि व्याह्यांना नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते तुम्हालाच, कारण तुमच्या घरी पत्र कोण उघडतं तेही मला माहीत आहे. आमच्या इमारतीत खाली पत्त्यांची खोली आहे. तिथे आम्ही म्हातारी मंडळी ब्रिज खेळतो. समोरासमोर बसलेले दोघे एका बाजूचे. खेळायच्या आधी बोली लावायची, की आमची जोडी इतके हात करणार. तेरातले पहिले सहा धरलेलेच असतात, बोलायचं ते त्यावरचं, म्हणजे ‘तीन’ म्हटलं की नऊ. जास्त बोललात आणि कमी झाले, तर बुडालात. कमी बोललात आणि जास्त झाले, तर मोठ्या गुणांना मुकलात. जोडीदाराचे पत्ते दिसत नाहीत, त्याला विचारता येत नाही, डोळा मारता येत नाही. नुसत्या बोलीवरून ओळखायचं त्याच्याकडे काय आहे. म्हणजे संसारच, फक्त बसून करायचा.

आता यांचा स्वभाव तुम्ही पाहिला आहे. जन्मभर कारखान्याच्या गोदामात काढला. कपाट भरून माल असला तरी मागायला आलेल्याला ‘बघतो, असला तर’ म्हणायचे. पत्त्यातही तेच. हातात राजे-राण्यांचा दरबार भरलेला असला तरी तोंडातून निघणार ‘एक किलवर’, तेही घसा खाकरून. मी मुळातच सढळ. घरी चार पाहुणे आले तर शेजारी सांगेपर्यंत त्यांचे दहा होतात. बदामाची राणी हातात आली की मला उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटतं आणि मी बोली चढवते. पण आमचं छान चाललं होतं. हे दोन म्हणाले की मी मनात चार धरायची. मी चार म्हटलं की हे मनात दोन धरायचे. असं कधी ठरवलं नव्हतं (तसं ठरवणं खेळात लबाडी समजतात), ते आपोआपच झालं होतं. जिंकत नव्हतो, पण बुडतही नव्हतो.

मग दाताच्या डॉक्टरांनी बोली सुधारण्याचा वर्ग काढला. हे डॉक्टर आता निवृत्त आहेत. लोकांच्या तोंडात हत्यारं घालून त्यांनाच प्रश्न विचारायचे, त्यामुळे उत्तर ऐकायची सवय राहिलेली नाही. त्यांनी फळ्यावर लिहिलं, एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. (राणीला राजापेक्षा कमी का, असं मी विचारलं. म्हणाले, नियम आहे. त्यांच्या घरी कुणाचे किती गुण चालतात ते आम्ही सगळे बघतो.) बेरीज करायची आणि तेवढंच बोलायचं. फुगवायचं नाही, लपवायचं नाही. शिवाय जाहीर केलं, की वर्ग संपल्यावर स्पर्धा होईल आणि जी जोडी शेवटची येईल ती फोडण्यात येईल, कारण नवरा-बायकोत शिस्त राहत नाही. त्यातून निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची जोडीदारीण लेकीकडे राहायला गेलेली, म्हणजे फुटलेल्या नवऱ्याची सोयही तयार. हे सांगताना डॉक्टर आमच्याकडेच का बघत होते, देव जाणे.

मला काही माझी जोडी फुटायला नको होती. म्हणून मी जीव तोडून शिकले. आरशासमोर उभी राहून ‘एक बदाम’ म्हणायचा सराव केला. नुसतं एक. जीभ दुखली. तिकडे हे बाल्कनीत उभे राहून रोपांना ‘तीन इस्पिक, तीन इस्पिक’ असं मोठ्यांदा सांगत होते. शेजारच्यांनी सूनबाईला हळूच विचारलं, आजोबा बरे आहेत ना?

स्पर्धेला बसलो. आणि विहीणबाई, आम्ही दोघंही अगदी खरं बोललो. फक्त ऐकलं जुन्या कानांनी. हे म्हणाले तीन इस्पिक. मी मनात म्हटलं, यांचे तीन म्हणजे पाच, आणि वर माझे, म्हणून थेट बोलून टाकलं, तेराही हात आमचे. यांचा चेहरा गोदामाला आग लागल्यासारखा झाला. झाले नऊ. नऊच होणार होते, ते बरोबरच बोलले होते. पुढच्या डावाला मी चार बदाम म्हटलं, एकही पान न फुगवता. हे गालातल्या गालात हसले, त्यातले दोन कापले आणि ‘पास’ म्हणून चहा ढवळत बसले, स्वतःच्या हातात दोन एक्के असताना. झाले बारा. मग दोघांनाही चूक कळली आणि दोघांनीही ती एकाच वेळी दुरुस्त केली. मी म्हटलं, यांचे कान काही सुधारत नाहीत, आपण पुन्हा फुगवू. यांनी ठरवलं, हिची जीभ सुधारली आहे, आता विश्वास ठेवू. लग्नानंतर पहिल्यांदा यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि त्यात आम्ही असे बुडालो की डॉक्टरांचे बत्तीसच्या बत्तीस दात दिसले.

शेवटचे आलो. परतताना जिन्यात मला इतकं हसू आलं की कठडा धरावा लागला. हे हसले नाहीत, पण माझी पिशवी त्यांनी घेतली. आता पुढच्या आठवड्यापासून हे मुख्याध्यापिकाबाईंसमोर बसणार, असं डॉक्टरांचं फर्मान आहे. यांना विचारलं तर ‘बघू’ म्हणाले. यांचं ‘बघू’ म्हणजे काय, ते मला विचारा.

असो. इकडे बाकी सगळं आनंदात. लहानांचे लाड करा, मोठं आता आपल्यापेक्षा कोण उरलंय, तेव्हा आपण एकमेकींनाच नमस्कार करू.

तुमची विहीण

ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. हे व्याह्यांचं ऐकतात. व्याह्यांनी यांना एक ओळ लिहावी, की या वयात जोडीदार बदलू नये. सहज सुचल्यासारखं लिहावं. माझं नाव नको.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या. मी स्वयंपाकघरात होते (दार थोडं उघडं ठेवून). बाई म्हणाल्या, ‘मी हातात आहे तेवढंच बोलते, फसवत नाही.’ हे म्हणाले, ‘तीच तर अडचण आहे बाई. मग समोर बसून मी विचार कसला करू? मला घरचीच बरी.’ घसासुद्धा खाकरला नाही. माझं दूध उतू गेलं. तेव्हा ती ओळ आता नको.

ता. क. तिसरा. बाई बिचाऱ्या पुन्हा एकट्या पडल्या. व्याही पत्त्यात फार नेमके आहेत असं तुम्हीच सांगता. त्यांना महिनाभर इकडे पाठवता का? बाई उंच आहेत, हसऱ्या आहेत आणि जोडीदाराला मफलर विणून देतात. नाही म्हणायचं असेल तर लगेच कळवा, कारण ते निघालेत असं मी बाईंना सांगून टाकलं आहे.