अकरावी टाचणी

३ मे २०१७, सायवन
पोहोचलो! कासा गावाहून जीपमध्ये सोळा माणसं आणि दोन कोंबड्या. सगळ्यांना जंगल का वाचवायचं ते सांगत आलो. मी इथल्या लाहूदादा आणि रूपीताई या नवरा-बायकोकडे उतरलोय. ताई म्हणाल्या, सरांना माईक लागायचा नाही. गावदेवाच्या रानातून रस्ता जाणार आहे; अठरा तारखेच्या ग्रामसभेत मी त्याविरुद्ध बोलणार. माझं हत्यार एकच: तांबड्या डोळ्यांचा सिकाडा, उन्हाळ्यात झाडांवर किर्र ओरडणारा. तो किडा या रानाबाहेर कुणी पाहिलेला नाही.

७ मे
दादांनी रान दाखवलं. ऐन दुपारी झाडं किर्र वाजत होती, खोडांवर किड्यांनी टाकलेल्या पोकळ काती. इथली रीत: रानातलं काहीही बाहेर न्यायचं नाही. चपलेला चिकटलेलं पानसुद्धा सीमेवर झटकायचं. परक्याला आत नेणाऱ्याने त्याच्यासाठी देवाला शब्द द्यायचा. दादांनी माझ्यासाठी दिला. मी श्रद्धा आणि विज्ञान यांवर तिथेच भाषण ठोकलं. दादा म्हणाले, किड्याला वरडून बायको मिळते, तुम्हाला काय मिळतं सर?

१० मे
फोटोवर कोण विश्वास ठेवणार? एकट्याने अकरा नर पकडले, टाचण्या टोचून डब्यात लावले. सीमेवर दादा भेटले. काही घेतलं नाही ना? मी नाही म्हणालो. त्यांनी वाकून माझ्या चपला झटकल्या.

११ मे
रान गप्प आहे. एक किडा वाजत नाही. पाडा जमला. दादांनी सगळ्यांसमोर सांगितलं, सरांनी काही नेलं नाही, माझा शब्द आहे. आयुष्यभर सभा गाजवणारा मी. जमिनीकडे बघत उभा राहिलो.

१३ मे
दादांचा आवाज गेला. कासाच्या डॉक्टरांना घशात काही दिसलं नाही. ताई म्हणाल्या, सभेत आता दोघांचं तुम्हीच बोला.

१४ मे
दुपारी डबा किर्र वाजला. किडे मेलेले, वाळलेले – तरी. ताईंनी विचारलं, सर, मोबाईल वाजतोय का? हो म्हणालो. पुन्हा खोटं.

१६ मे
डबा रानात परत न्यायला काढला. टाचण्या अकरा. किडे दहा. अकरावी टाचणी ओली – दादांना सांगायला गेलो. त्यांच्या गळ्याच्या कातडीखाली काहीतरी फडफडत होतं. न सांगताच परत फिरलो. भ्याड.

१८ मे, ग्रामसभा
रस्त्याचं नंतर. आधी एवढंच सांगायचं – मी चोर आहे. कागदावर लिहून ठेवतोय, कारण सकाळपासून घशात काहीतरी चढतंय –

माझं नाव पुकारलं. त्याआधी दादा उठले. आवाज परत आलाय त्यांचा! सांगताहेत, सरांनी काही नेलं नाही –

दादा, नका – तोंड उघडलं की शब्द नाही, नुसतं किर्र – सगळे माझ्याकडे – दादा माझ्या चपलांकडे बघ