शेफील्डचे अकरा महिने

८ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.
उणे एकोणीस. निश्चय झाला. एप्रिलपासून इंग्लंडात, शेफील्डला, अकरा महिने इंग्रजी शिकणार. शाळा सापडली. वयाची अट नाही. मी सहासष्ट. अल्पमुदतीचा विद्यार्थी व्हिसा लागतो. अर्ज भरायचा की झालं. एकतीस वर्षं फोर्सा गावचे रस्ते बर्फातून मोकळे केले, पहाटे चारला ट्रक काढून. एक अर्ज काय चीज आहे.
कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विचार करायला नको. मुलगी सैया शेफील्डला असते. तिची मुलगी मेझी, वय सात, फक्त इंग्रजी बोलते. मला फक्त फिनिश येतं. माझी बायको तेलेर्वो होती तोवर रविवारचा फोन ती घ्यायची. तिला शाळेतलं इंग्रजी येत होतं. मी तिच्या मागे उभा राहून मान हलवायचो. तिला जाऊन दोन हिवाळे झाले. आता फोन माझ्या हातात असतो. मेझी बोलते, मी मान हलवतो. फोनवर मान ऐकू जात नाही, हे मान्य.

९ जानेवारी
रोज वीस शब्द पाठ. एप्रिलपर्यंत सतराशे होतील. बरेच होतील. बोलायला एवढे कोणाला लागतात?

१४ जानेवारी, रविवार
सैयाला बातमी सांगितली. ती म्हणाली, बाबा, अकरा महिने कशाला, आठवडाभर ये ना, नुसता ये. मी समजावलं की अर्धवट तयारीने कुठे जाऊ नये. आधी भाषा, मग भेट. ती म्हणाली, बरं. इंग्लंडात राहून पोरीला घाई लागली आहे.
शब्द: शनिवारी सौना, म्हणजे वाफेचं न्हाणं होतं, त्यामुळे शून्य. रविवारी फोन असतो.

२३ जानेवारी. दुपारी.
अर्ज संगणकावर भरला. सोपा आहे. हा अभ्यासक्रम का निवडला, या प्रश्नाखाली हा एवढा मोठा चौकोन. मी लिहिलं: भाषेसाठी. पुढे काय करणार? लिहिलं: बोलणार. राहिलेली जागा पाहून वाईट वाटलं. त्यात एक गाव वसलं असतं.
शेजारच्या घरातून बहीण इर्या आली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे दार वाजवत नाही. चष्मा लावून अर्ज वाचला आणि म्हणाली, अरे एन्सिओ, हा अर्ज आहे की डब्यावरची चिठ्ठी? चार ओळी लिही की. नातीबद्दल लिही. मी म्हणालो, त्यांनी नातीबद्दल विचारलेलं नाही. ती म्हणाली, बोलणाऱ्याची माती विकते बाबा, गप्प बसणाऱ्याचं सोनं पडून राहतं. मी म्हणालो, मी विकायला बसलेलो नाही. ती कॉफी पिऊन गेली. वेलदोड्याचा पाव शेवटचा होता, तोही खाऊन.

३० जानेवारी
नगरपालिकेतले माझे जुने साहेब कल्लियो यांच्याकडून शिफारसपत्र आणलं. अख्खं पत्र असं: एन्सिओने येथे एकतीस वर्षे काम केले. तक्रार नाही.
वाचून डोळ्यांत पाणी आलं. कल्लियोने असं कोणासाठी लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. त्याच्या सख्ख्या भावाला अखेरचा निरोप देताना त्याने नुसतं 'ठीक होता' म्हटलं होतं.
इंग्रजीत भाषांतर करायला पैसे दिले. भाषांतर करणाऱ्या बाईंनी विचारलं, बाकीचं पान कुठे आहे?

६ फेब्रुवारी
बसने हेलसिंकीला. बोटांचे ठसे दिले, फोटो काढला. फोटोचा नियम: हसायचं नाही. काढणारा म्हणाला, तुमचा पहिल्या झटक्यात जमला. या कामात मला नैसर्गिक गती आहे.
शब्द: बसमध्ये मान अवघडते. उद्या चाळीस.

११ फेब्रुवारी, रविवार
मेझीने फोनवर गाणं म्हटलं. लांब होतं. संपलं की नाही ते कळेना, म्हणून थांबलो. तीही थांबली. मग सैयाने फोन घेतला.
ही सगळी अडचण एप्रिलनंतर उरणार नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार. रात्री ८.
मुलाखत झाली. संगणकावर, पलीकडे व्हिसा कचेरीतल्या बाई, मध्ये फिनिश बोलणारा दुभाषी. उत्तम झाली.
बाईंनी विचारलं, कसे आहात? मी नीट विचार करून सांगितलं की डावा गुडघा सोडला तर ठीक. शेफील्डच का? मुलगी असते. आणखी काही? नाही.
मी प्रत्येक उत्तराआधी थांबत होतो, भल्या माणसाने थांबावं तसा. बाईंनी तीनदा विचारलं, आवाज येतोय ना? त्यांचं इंटरनेट कमकुवत दिसतं.
मग त्या म्हणाल्या, अभ्यास संपल्यावर परत जाल ना? मी म्हणालो, बहुतेक. अकरा महिन्यांनंतरचं आज कोण सांगणार? तळ्यावरचा बर्फ कधी फुटेल हेसुद्धा आम्ही पैजेवर ठेवतो. त्या म्हणाल्या, म्हणजे राहण्याचाही विचार आहे? मी म्हणालो, बघू. खोटं बोललो नाही, वायफळ बोललो नाही. दुभाषी शेवटी मला फिनिशमध्ये म्हणाला, अजून काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा, काका. मी म्हणालो, झालं सांगून. भला माणूस. त्याच्या चेहऱ्यावर आदर दिसला.
इर्याला सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. डोकं दुखत असेल.

३ मार्च
शब्द: एकूण सव्वीस. बर्फाला भोक पाडून मासे धरायचे दिवस आहेत, ते थांबत नाहीत. शब्द थांबतात.

१४ मार्च, गुरुवार
आलं! ईमेलने आलं, ग्रंथालयात छापून घेतलं. ग्रंथालयातल्या बाईंनी कागद उलटा करून दिला. आमच्याकडे परक्याचं पत्र वाचत नाहीत.
दोन पानं भरून आहे. पहिलं वाक्य शब्दकोशातून लावलं: तुमच्या अर्जाबद्दल आभार. आभार! आणि दोन पानं. नाही म्हणायला एक ओळ पुरते, सहीसकट. माणूस नकारासाठी दोन पानं खरडत नाही. पुढचं वाचायची गरज वाटली नाही. अटी असतील, विम्याच्या वगैरे.

१५ मार्च
केक आणला. कल्लियोला सांगितलं. तो म्हणाला, हं. फार खूश झाला. बँकेत सांगितलं. दुकानात सांगितलं. तेलेर्वोच्या कबरीवर जाऊन तिथेही सांगितलं, बर्फ झटकून. एवढं मी या वर्षात बोललो नव्हतो.
बॅग माळ्यावरून खाली काढली. इर्या म्हणाली, पत्र सैयाला वाचून दाखव आधी. म्हातारपणी माणूस संशयी होतो.

१७ मार्च, रविवार
सैयाला पत्राचे फोटो पाठवले होते. तिने फोनवर मला ते फिनिशमध्ये वाचून दाखवलं. सावकाश वाचलं.
व्हिसा नाही. अर्जदाराने अभ्यासाचं कारण समाधानकारकपणे सांगितलेलं नाही. अर्जदार परत जाईल अशी खात्री पटत नाही. दुसऱ्या पानावर हेच पुन्हा, जास्त सभ्य शब्दांत.
मग सैया म्हणाली, बाबा, मेझीचं नाव एकदाही घेतलं नाहीस? मी म्हणालो, विचारलं नाही त्यांनी. ती म्हणाली, आम्हाला भेटायला यायला तुला व्हिसा लागतच नाही, माहीत आहे ना? पासपोर्ट घ्यायचा, विमानात बसायचं. दोन वर्षं झाली. मी दर महिन्याला सांगते.
मी म्हणालो, इकडे बर्फ वितळायला लागलाय. ती म्हणाली, हो का.

१८ मार्च
केक अर्धा उरला.

१९ मार्च
काही नाही.

२६ मार्च
काही नाही. बॅग तिथेच आहे. चालताना वळसा घालतो.

१४ एप्रिल, रविवार
इर्या दार न वाजवता आली. बसली. मग म्हणाली, शेफील्डची दोन तिकिटं काढलीत. शुक्रवार, सव्वीस. बाराव्या दिवशी परत. मी विचारलं, दुसरा कोण? ती म्हणाली, इंग्लंडचा राजा, दुसरा कोण असणार.
रात्री विचार केला. जाऊन यायला हरकत नाही. तयारी नाही, पण बारा दिवसांना किती तयारी लागते? जाणार. नक्की.

२४ एप्रिल
होडीला डांबर लावायचं आहे. हवा कोरडी तोवरच होतं.

२५ एप्रिल
इर्याच्या मांजराचं कोणीतरी पाहायला हवं. शेजारच्यांना सांगता येईल, पण मांजर परक्याकडे खात नाही. हे तिच्या लक्षात आलं नसावं. मी लक्षात आणून दिलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःची बॅग बंद केली, आणि जाताना मांजराची वाटी माझ्या टेबलावर ठेवली.

२६ एप्रिल, शुक्रवार
गेली. बसथांब्यापर्यंत सोडलं. पाऊस आला. डांबर राहिलं.

५ मे, रविवार. संध्याकाळी.
फोन. आधी इर्याचा आवाज. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. ती मेझीशी सरळ फिनिशमध्ये बोलते, तेही तळ्याच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी. पोरगी इंग्रजीत उत्तर देते. दोघी हसतात. बागेत बटाटे लावले म्हणे दोघींनी, एक ओळ वाकडी आली, ती मेझीची.
मग मेझीने फोन घेतला. काहीतरी म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली. इर्या मागून ओरडली, अरे, ती विचारतेय तू कधी येणार. मी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, तोंडाकडे बघून, गाढवा.
मला तोंड दिसत नाही. फोनवर चित्र येण्याचं बटण असतं म्हणतात. कुठे ते माहीत नाही.
मी म्हणालो, मी आलो तर मांजराचं कोण करणार? इर्या म्हणाली, मांजर माझं आहे, आणि मी मंगळवारी परत येतेय.
फोन ठेवल्यावर मांजराला मासा दिला. त्याने वास घेतला आणि दाराशी जाऊन बसलं.